चार घोडेस्वार आणि एक बिनपदाचा विद्यार्थी

१८ ऑक्टोबर १९२४. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नोटर डेम विद्यापीठ आणि लष्करी अकादमीचा आर्मी संघ यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना मध्यंतरापर्यंत आला होता. प्रेस बॉक्समध्ये क्रीडालेखक पाय मोकळे करत गप्पा मारत होते. त्यांत ग्रँटलंड राइस होता, ज्याचा मजकूर अमेरिकाभरची वर्तमानपत्रं छापत. त्या घोळक्यात नोटर डेमचा एक विद्यार्थीही उभा होता, जॉर्ज स्ट्रिकलर. त्याने नुकताच रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा ‘द फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स’ हा मूकपट पाहिला होता. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात जगावर अरिष्ट घेऊन येणारे चार घोडेस्वार आहेत. ते त्या चित्रपटात आभाळातून दौडत जातात. नोटर डेमचे चार बॅक आर्मीची फळी फोडून आरपार जाताना पाहून स्ट्रिकलर सहज बोलून गेला की, हे तर त्या चार घोडेस्वारांसारखंच चाललंय.

नोटर डेमने सामना १३–७ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये राइसचा वृत्तान्त आला तो ऑक्टोबरच्या करड्या आभाळाखाली दौडणाऱ्या चार घोडेस्वारांपासूनच सुरू झाला. अमेरिकन क्रीडा-पत्रकारितेतला सर्वांत प्रसिद्ध परिच्छेद म्हणून आजही त्याचंच नाव घेतलं जातं. स्टुलड्रेअर, क्राउली, मिलर आणि लेडन ही चार नावं त्या परिच्छेदाने अमर केली.

खरी करामत मात्र यानंतरची आहे. स्ट्रिकलरने तो वृत्तान्त वाचला आणि त्याच्या लक्षात आलं की हे शब्द दोन दिवसांत रद्दीत जातील. त्यांना डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवं. संघ इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी परतला तेव्हा त्याने गावातल्या तबेल्यातून चार घोडे आणवले, चौघांना पूर्ण गणवेशात, चामड्याच्या शिरस्त्राणांसकट त्यांवर बसवलं, प्रत्येकाच्या काखेत एकेक चेंडू दिला आणि फोटो काढून घेतला. वृत्तसंस्थांनी तो उचलला आणि देशभरच्या दैनिकांत तो झळकला. त्या मोसमात नोटर डेमने दहाच्या दहा सामने जिंकले, १ जानेवारी १९२५ रोजी रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डला २७–१० असं हरवलं. चौघांपैकी एकही सहा फुटांहून उंच नव्हता, एकाचंही वजन १६२ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण साडेत्र्याहत्तर किलोंपेक्षा जास्त नव्हतं. तरी लोकांच्या मनात ते प्रलयंकारीच राहिले. १९९८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने १९२० च्या दशकाच्या आठवणींचे स्टॅम्प काढले, तेव्हा त्यांतल्या एकावर हे चौघं होते.

आता थांबून पाहावं की यात स्ट्रिकलर कोण होता. तो संघाचा प्रशिक्षक नव्हता, कप्तान नव्हता, विद्यापीठाचा अधिकारी नव्हता, वर्तमानपत्राचा संपादकही नव्हता. प्रशिक्षक क्नूट रॉकनीच्या हाताखाली प्रसिद्धीचं काम पाहणारा तो एक विद्यार्थी. खेळाडूंना हुकूम देण्याचा त्याला अधिकार नव्हता. देशाच्या सर्वांत मोठ्या क्रीडालेखकाला त्याने काही लिहायला सांगितलं नाही. तरीही लेखकाने त्याची उपमा घेतली, खेळाडू त्याच्या सांगण्यावरून घोड्यावर बसले आणि वृत्तसंस्थांनी त्याचा फोटो देशभर पोचवला. नेतृत्वाची मी अनेक वर्णनं वाचली आहेत, पण इतकं निर्भेळ उदाहरण क्वचितच पाहिलं. अधिकाराचा एक कणही हाती नसताना सगळे आपापल्या खुशीने एका दिशेने निघाले, आणि ती दिशा त्या मुलाने दाखवलेली होती.

रॉकनीला या कामाची किंमत कळलेली होती आणि त्यासाठी तो विद्यार्थ्यांमधूनच मुलं निवडत असे. स्ट्रिकलरच्या आधी आर्च वॉर्ड नावाच्या विद्यार्थ्याने हे काम केलं होतं. तो पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’चा क्रीडा संपादक झाला आणि १९३३ साली बेसबॉलचा पहिला ऑल-स्टार सामना त्याच्याच कल्पनेतून उभा राहिला. मग फ्रान्सिस वॉलेस. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत नोकरीला लागल्यावर त्याने आपल्या जुन्या विद्यापीठाच्या संघाला लेखनात सतत ‘फायटिंग आयरिश’ म्हणायला सुरुवात केली आणि ते इतकं रुजलं की १९२७ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी तेच अधिकृत नाव म्हणून स्वीकारलं. म्हणजे संघाचं नावही एका माजी विद्यार्थी-प्रसिद्धिसाहाय्यकाने रुळवलं, शिक्का नंतर उमटला. स्ट्रिकलरही पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’चा क्रीडा संपादक झाला.

नोटर डेमपुरतंच हे घडलं असं नाही. १९४० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात पीट रोझेल नावाचा विद्यार्थी खेळांच्या बातम्या लिहून वर्तमानपत्रांना पाठवायचं काम करत होता. त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने १९४९ मध्ये एनआयटी स्पर्धा जिंकली तेव्हा पडद्यामागे तो होता. १९६० साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तो व्यावसायिक फुटबॉलच्या एनएफएलचा कमिशनर झाला आणि जवळपास तीन दशकं त्या जागी राहिला.

या कामाचं पुढे रीतसर क्षेत्र झालं. अमेरिकी विद्यापीठांत ‘स्पोर्ट्स इन्फर्मेशन डायरेक्टर’ अशी जागा निर्माण झाली. बोलताना सगळे एसआयडी म्हणतात. १९५७ मध्ये त्यांची ‘कोसायडा’ ही संघटना उभी राहिली आणि २०२२ मध्ये तिचं नाव ‘कॉलेज स्पोर्ट्स कम्युनिकेटर्स’ झालं. पण जागेला नाव मिळालं म्हणून कामाचा स्वभाव बदलला नाही. छोट्या कॉलेजात आजही एक-दोन माणसं वीस-वीस खेळांचं सगळं पाहतात आणि त्यांच्याभोवती तासावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची फळी असते. त्या मुलामुलींना ना दालन, ना हुद्दा, ना कुणाच्या रजेच्या अर्जावर सही करण्याचा अधिकार. मात्र सामन्याच्या दिवशी त्यांच्या शब्दावर काय काय हलतं ते बघण्यासारखं आहे.

बास्केटबॉलचंच घेऊ. मैदानाला लागून एक लांब टेबल असतं. त्यावर बसलेल्यांपैकी दोघांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एक जण ‘कॉलर’. त्याची नजर चेंडूवरून हलत नाही आणि तो सलग बोलत राहतो: तेवीस, तीनचा, हुकला, अकरा, रिबाउंड, बचावाचा, चार, ड्राइव्ह, गेला, पास, बारा. दुसऱ्याची बोटं संगणकाच्या कळांवर आणि डोळे पडद्यावर. तो सामना पाहत नाही, ऐकतो. कॉलेज बास्केटबॉलचा सामना चाळीस मिनिटांचा असतो. त्यातला प्रत्येक शॉट, प्रत्येक रिबाउंड, प्रत्येक फाउल, प्रत्येक हिसकावलेला चेंडू या दोघांतून जातो. तिथून तो आकडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, दूरचित्रवाणीच्या पट्टीवर आणि समालोचकाच्या समोरच्या पडद्यावर उमटतो. मध्यंतराला छापील तक्ता घेऊन एखादी विद्यार्थिनी दोन्ही संघांच्या खोल्यांकडे धावते, आणि वर्षाला लाखो डॉलर घेणारा प्रशिक्षक त्या कागदावर बोट ठेवून खेळाडूंना सांगतो की पुढच्या अर्ध्यात काय बदलायचं.

इथे मला सर्वांत जास्त नवल वाटतं ते निर्णयांचं. चेंडू जाळीत गेला की नाही हे सगळ्यांना दिसतं, पण ‘असिस्ट’ कुणाला द्यायचा? नियम असा की, गुण मिळण्याला थेट कारण ठरलेला मुख्य पास ज्याचा, त्याला तो श्रेय म्हणून मिळतो. आणि तो पास तसा होता की नाही हे ठरवायचं आकडे नोंदवणाऱ्याने, स्वतःच्या विवेकाने. पास मिळाल्यावर खेळाडूने दोन वेळा चेंडू टप्पा घेऊन नेला, एकाला चकवलं आणि मग टाकला, तर श्रेय पास देणाऱ्याचं उरतं का? कॉलरला हे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ठरवावं लागतं, कारण तोवर चेंडू पलीकडच्या टोकाला पोचलेला असतो. बेसबॉलमध्येही तसंच: फलंदाजाने मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातातून निसटला, तर ती फलंदाजाची ‘हिट’ की क्षेत्ररक्षकाची ‘एरर’? कॉलेजच्या मैदानावर हा निवाडा बहुधा एसआयडीच्या कचेरीतलं कुणीतरी देतं. त्या एका शब्दावर एखाद्याची मोसमाची सरासरी वर-खाली होते, आणि व्यावसायिक संघांचे निवडकर्ते ती सरासरी वाचत असतात.

सामना संपला की फोन येतात. प्रशिक्षकाला वाटतं आपल्या मुलाचा एक रिबाउंड सुटला. कुणाला एक असिस्ट हवा असतो, कारण आणखी एक मिळाला तर विक्रम होतो. फोन करणारा माणूस पदाने कितीतरी मोठा. खुर्चीवर बसलेल्याने चित्रफीत पुन्हा पाहायची, चूक असेल तर दुरुस्त करायची आणि नसेल तर नम्रपणे नाही म्हणायचं. मला हे या कामातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर कलम वाटतं. एकदा एका प्रशिक्षकासाठी आकडा वाकवला की पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास जातो, आणि विश्वासाखेरीज या माणसाच्या हाती दुसरं काही नसतंच. म्हणून प्रेस बॉक्समध्ये टाळ्या वाजवायला आणि ओरडायला मनाई असते. आपलाच संघ शेवटच्या सेकंदाला जिंकला तरी विद्यार्थी-साहाय्यक गप्प बसून वेळ लिहितो.

मेरी पार्कर फॉलेट ही बॉस्टनची विचारवंत बाई इथे आठवते. तिचं ‘क्रिएटिव्ह एक्स्पीरियन्स’ हे पुस्तक १९२४ सालचं, म्हणजे घोडेस्वारांच्याच वर्षीचं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. हुकूम कसे द्यावेत यावर व्याख्यानं देताना तिने एक विलक्षण गोष्ट मांडली: एका माणसाने दुसऱ्या माणसाला हुकूम देऊच नये, दोघांनी मिळून परिस्थितीकडे पाहावं आणि परिस्थिती जे मागते ते करावं. तिने याला परिस्थितीचा नियम म्हटलं. सत्ता कुणावर गाजवायची नसते, कुणासोबत वापरायची असते, असंही ती सांगे. पुस्तकात वाचताना हे आदर्शवादी वाटू शकतं, पण मला ते त्या टेबलावर रोज घडताना दिसतं. कॉलर ‘अकरा, रिबाउंड’ म्हणतो तेव्हा तो कळा दाबणाऱ्याला आज्ञा देत नाही. मैदानावर जे झालं ते सांगतो, आणि सांगितल्याबरोबर दुसऱ्याची बोटं हलतात. कुणाला कमीपणा येत नाही, कारण दोघंही मैदानाचंच ऐकत असतात.

बेसबॉलचा बॉक्स स्कोअर घडवला तोही बिनपदाच्याच माणसाने. हेन्री चॅडविक १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरला जन्मला, लहानपणी कुटुंबासोबत ब्रुकलिनला आला आणि न्यूयॉर्कच्या पत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तान्त लिहू लागला. बेसबॉल पाहून तो त्या खेळाच्या प्रेमात पडला आणि क्रिकेटच्या धावफलकाची सवय असलेल्या या पत्रकाराने १८५९ च्या सुमारास बेसबॉलसाठी तसाच तक्ता बनवला. आपल्याकडे क्लबच्या मैदानावर तंबूत बसून वही भरणारा स्कोअरर आणि अमेरिकी कॉलेजातली संगणकासमोरची मुलगी यांची कुळी अशी एकच निघते. त्या तक्त्याची एक कसोटी आहे, तिला ते बॉक्स ‘प्रूव्ह’ करणं म्हणतात. फलंदाजीला आलेला प्रत्येक माणूस शेवटी तीन गोष्टींपैकी एक करतो: धाव काढतो, बाद होतो किंवा डाव संपताना बेसवर अडकून राहतो. म्हणून एका बाजूला संघाचे सगळे फलंदाजीचे प्रसंग, समजा ३४ ‘ॲट बॅट’, चार ‘वॉक’, एक चेंडू लागून आणि एक ‘सॅक्रिफाइस’, मिळून ४०. दुसऱ्या बाजूला पाच धावा, आठ जण बेसवर अडकलेले आणि प्रतिस्पर्ध्यांनी बाद केलेले २७, मिळून तेही ४०. दोन्हीकडे बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी एक माणूस हरवला आहे आणि तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही. अडीच-तीन तासांच्या धावपळीचा हिशेब असा शेवटच्या माणसापर्यंत लागतो, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी किती तरी वेळ आकडे मांडून पाहत बसलो होतो.

या कामाचं दुसरं टोक म्हणजे नावाचा डंका. ते कुठवर जाऊ शकतं याची एक गोष्ट नोटर डेममधलीच आहे. १९७० मध्ये तिथल्या क्वार्टरबॅकचं आडनाव घरी ‘थीझमन’ असं उच्चारलं जाई. विद्यापीठाचे प्रसिद्धिप्रमुख रॉजर व्हाल्डिसेरी यांनी सुचवलं की ते ‘थाइझमन’ असं म्हणावं, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च हाइझमन पुरस्काराशी त्याचं यमक जुळेल. त्या वर्षी पुरस्कार स्टॅनफर्डच्या जिम प्लंकेटला गेला आणि थाइझमन दुसरा आला. उच्चार मात्र कायमचा बदलला. एका प्रसिद्धिप्रमुखाच्या सूचनेवरून माणसाने पिढ्यान्‌पिढ्यांचं आडनाव वेगळं उच्चारायला घ्यावं, याला अधिकार म्हणावं तर तो कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही. आणि अलीकडचं उदाहरण हवं असेल तर १६ मार्च २०१८ आठवावं. त्या रात्री मेरीलँडमधल्या यूएमबीसी या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या विद्यापीठाने पहिल्या मानांकित व्हर्जिनियाला ७४–५४ असं हरवलं. पुरुषांच्या राष्ट्रीय कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेत सोळाव्या मानांकित संघाने पहिल्या मानांकिताला त्याआधी कधीच हरवलं नव्हतं. सामना चालू असताना त्यांच्या ट्विटर खात्यावरून प्रसिद्धी कार्यालयातला एक माणूस इतक्या हजरजबाबी आनंदाने लिहीत होता की रातोरात त्या खात्याचे वाचक काही हजारांवरून लाखाच्या घरात गेले.

तरीही मला सगळ्यात खोल पटतं ते आकड्यांचंच मोल, आणि त्याची साक्ष महिलांच्या बास्केटबॉलमध्ये मिळते. कॉलेज खेळांच्या एनसीएए या संघटनेने महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९८१–८२ मध्ये सुरू केल्या. त्याआधी महिलांचे खेळ एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना चालवत असे. कॅन्ससच्या लिनेट वुडर्डने त्या काळात कारकिर्दीत ३,६४९ गुण केले. फ्रान्सिस मॅरियन या छोट्या कॉलेजच्या पर्ल मूरचे तर ४,०६१ गुण. त्या दिवसांत मुलींच्या सामन्यांना फारसे कॅमेरे नसत, मोठी वर्तमानपत्रं सहसा फिरकत नसत, आणि एनसीएएच्या विक्रमांच्या यादीत त्यांना जागा नव्हती. तरी प्रत्येक सामन्याला टेबलावर कुणीतरी बसलं, वुडर्डचा प्रत्येक गुण लिहिला, तक्ता जपून ठेवला. त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कुणी सांगू शकणार नाही.

२०२४ मध्ये आयोवाची केटलिन क्लार्क गुणांमागून गुण करत निघाली तेव्हा ते जुने कागद अचानक बोलू लागले. १५ फेब्रुवारीला तिने केल्सी प्लमचा ३,५२७ हा एनसीएएचा महिलांचा विक्रम मागे टाकला आणि अधिकृत यादीपुरता विषय तिथेच संपला असता. पण जाणकारांनी वुडर्डचा आकडा पुढे केला आणि शर्यत पुढे चालू राहिली. २८ फेब्रुवारीला मिनेसोटाविरुद्ध क्लार्क ३,६५० वर पोचली, वुडर्डच्या एकाने पुढे. आता उरला पुरुषांचा विक्रमवीर पीट मॅराविच, लुइझियाना स्टेटचा, १९६७ ते १९७० मधले ३,६६७ गुण, तेही कॉलेजच्या खेळात तीन गुणांची रेषा नसताना. अठरा गुण हवे होते. ३ मार्चला ओहायो स्टेटविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्यांना टेक्निकल फाउल लागला, क्लार्क फ्री थ्रो रेषेवर गेली आणि मॅराविच मागे पडला. त्या दिवशी तिने ३५ गुण केले आणि वुडर्ड प्रेक्षागृहात हजर होती. त्या वेळी टेबलावर बसलेल्यांनीही आपलं काम तसंच केलं: क्लार्क, फ्री थ्रो, गेला; आणि पुढचा चेंडू.